छत्री गेली? थँक्यू म्हटलंस?

रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, चर्चच्या पोर्चमधून माझी छत्री गेली. लांब, काळी, आठ काड्यांची, लाकडी मुठीची. मुठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका, कारण जुलैत सिंधुदुर्गातल्या कुठल्याही चर्चच्या पोर्चमध्ये टेकून ठेवलेल्या बहुतेक छत्र्या काळ्याच असतात. तिच्या जागी तीन घड्यांची, फुलाफुलांची, एक काडी वाकलेली छत्री ठेवून कोणीतरी धर्मकृत्य उरकलं होतं.

मिस्सा कोणासाठी किंवा कशासाठी अर्पण करायचा ते हेतू फादर आधी वाचून दाखवतात. त्यातला पहिला होता, ‘नवीन चारचाकी मिळाल्याबद्दल उपकारस्तुती’. ती चारचाकी शेवटचं गायन संपायच्या आत पोर्चला लागली, कुटुंब आत बसलं, काचा वर झाल्या. मी कोणावर आळ घेत नाही. फक्त मागच्या सीटवर एक लाकडी मूठ दिसल्यासारखी वाटली, आणि वाटण्याला अजून कर नाही.

आता मुख्य संकट: उपकारमामा. एस.टी.तून निवृत्त. गावातल्या प्रत्येक आपत्तीला ते बोलावल्याशिवाय हजर असतात आणि आपद्ग्रस्ताकडून देवाचे आभार वसूल करतात. हातात बँकेनं फुकट दिलेली, अख्खं वऱ्हाड मावेल एवढी छत्री.

“छत्री गेली?”

“गेली.”

“थँक्यू म्हटलंस?”

“कोणाक?”

“देवाक. मगे कोणाक? नेल्यान तेका?”

मी गप्प. गप्प बसलेल्या माणसाला मामा शिकाऊ समजतात.

“माका सांग, नवी होती काय जुनी?”

“नवी. गेल्याच महिन्यातली.”

“बघ! जुनी असती तर कोणी हात लावलो नसतो. तुज्याकडे नेण्यासारखा कायतरी आसा, ह्या आख्ख्या गावाक कळला. एक उपकार झालो.” त्यांनी करंगळी मुडपली. “दुसरो, छत्री गेली, पण तू रवलंस. तिसरो, तुजी छत्री कोणीतरी नेली, तू कोणाची नेलंस नाय. म्हंजे पाप तेच्या खात्यार.”

ही यादी मामांची नव्हे. मॅथ्यू हेन्री नावाचे एक इंग्लिश बायबल-भाष्यकार होते, 1662 ते 1714. त्यांना चोरांनी लुटलं तेव्हा त्यांनी असेच आभार मानले, असं सांगतात: याआधी कधी लुटला गेलो नव्हतो, पाकीट गेलं पण जीव राहिला, होतं ते सगळं गेलं पण फारसं नव्हतंच, आणि लुटला गेलो तो मी, लुटणारा मी नव्हतो. यादी सुरेख आहे. पण हेन्रीसाहेबांनी ती स्वतःच्या पाकिटासाठी केली. शेजाऱ्याच्या पाकिटासाठी करायची असती तर तेव्हाही शेजाऱ्यानं ऐकून घेतली नसती.

“आणि चवथो?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“चवथो, पावस! पावस नसतो तर छत्री गेली ह्या तुका कळला असता काय?”

या तर्काला उत्तर नाही. मी फुलाफुलांची छत्री उघडली. घडीच्या छत्रीच्या दांड्यात वरच्या बाजूला एक बारीक स्प्रिंगची खिटी असते, छत्री उघडी धरून ठेवायची ती. ती झिजली की छत्री उघडते, क्षणभर उभी राहते आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर तुमच्या डोक्यासकट मिटते. मी आतूनच विचारलं, “मामा, स्टँडपर्यंत तुमच्या छत्रीत येऊ काय?”

मामांनी आभाळाकडे पाहिलं, मग छत्रीकडे, मग माझ्याकडे. “नको रे बाबा. वारो बघ कसो आसा तो. दोघाय भिजतलंव. दोघाय भिजण्यापरीस एक तरी सुको रवलो, ह्येचे उपकार मान.”

आणि तो एक सुका निघून गेला.

मामांची टिंगल करणं सोपं आहे, पण त्यांची वही मी पाहिलेली आहे आणि ती आमच्याकडच्या पुष्कळ प्रवचनांहून चांगली आहे. दोनशे पानी, शाळेची. रोज पाच उपकार. त्यातली एक नोंद: ‘बांगडे 4 आणले. 1 मांजरान नेल्यान. 3 बद्दल उपकार. मांजर गाभण आसा, तेच्याबद्दलय उपकार.’ दुसरी: ‘लाईट गेली. रोझरीक सगळी एकाच खोलीत बसली.’ (रोझरी म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना.) वही लिहिण्याचं मर्म एवढंच आहे, की नोंद बांगड्याएवढी नेमकी हवी. नवशिके हमखास ‘आरोग्य, कुटुंब, घर, नोकरी, श्रद्धा’ असे पाच शब्द लिहितात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्यानं वहीत फक्त तारीख बदलते, आणि वही कपाटावर जाते. आज काय मिळालं, कोणाच्या हातून मिळालं आणि ते मिळालं नसतं तर संध्याकाळ कशी गेली असती, ही तीन उत्तरं एका ओळीत बसली की ती नोंद. ‘आरोग्य’ लिहायचं नाही, ‘गुडघा आज पायऱ्यांवर बोलला नाही’ लिहायचं.

मानसशास्त्रवाल्यांनीही हे तपासून पाहिलंय. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककुलॉ यांनी 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांनी आठवड्यातून एकदा आभार मानाव्यात अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, काहींनी कटकटी लिहिल्या, काहींनी नुसत्याच घडामोडी. आभारवाल्यांना आपलं आयुष्य एकंदरीत बरं चाललंय असं जास्त वाटलं. (कटकटींच्या गटात माझा नंबर विनापरीक्षा लागला असता.) पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा मोजणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा मोजणाऱ्यांना दिसला नाही. सवयीनं धार जाते. मामांना हे सांगितलं तर ते म्हणतील, मगे देव काय आठवड्यातसून एकदाच देता?

प्रश्न बरोबर आहे, आणि त्यावरचं उत्तर जेसुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोलांनी सोळाव्या शतकातच देऊन ठेवलंय. त्यांच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. आधी मिळालेल्या दानांबद्दल आभार. मग आपले दोष दिसावेत म्हणून प्रकाश मागायचा. मग सकाळी डोळे उघडल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासानं पाहत यायचं. मग क्षमा, मग उद्याचा निश्चय, आणि शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. रात्री दहा-पंधरा मिनिटं पुरतात. अंथरुणावर आडवं होऊन करू नये, तिसऱ्या पायरीवर सकाळच्या चहापर्यंत पोचेतो घोरणं सुरू होतं. आभार पहिल्या पायरीवर आहेत हे मुद्दाम. आधी चुका मोजायला बसलं की माणूस देवासमोर वकील होऊन उभा राहतो. आणि तासातासानं पाहिल्यामुळे रोजची यादी वेगळी निघते, कारण मंगळवारचे अकरा आणि बुधवारचे अकरा कधी सारखे नसतात. कृतघ्नता हे सगळ्या पापांचं मूळ, असं याच इग्नेशियसनी 1542 मध्ये पोर्तुगालमधल्या सिमाँव रॉड्रिग्ज या सोबत्याला पत्रातून कळवलं. त्याच वर्षी त्यांचा दुसरा सोबती फ्रान्सिस झेवियर गोव्याच्या बंदरात उतरला. म्हणजे आमच्या भागात हा विषय तसा वेळेवरच पोचलेला आहे. अंमलबजावणीचं काय ते बोलू नये.

पावसाबद्दलच्या त्या चौथ्या उपकाराकडे मला परत यायचंय, कारण तो अजून घशात अडकलेला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याबद्दल उपकार, शंभरदा उपकार. पण जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही. वरून सह्याद्रीपासून समुद्र इतका जवळ, की नद्या घाटातून उतरतात आणि कुठे न रेंगाळता खाडीला मिळतात. एप्रिल उजाडला की विहिरींचा तळ दिसतो आणि ज्या वाडीवर चार महिने आभाळ फाटलेलं असतं तिथे टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. अशा वेळी कोणी म्हणालं की टँकर आला याचे आभार माना, तर मी मानीन. पण टँकर लागतोच का, हा प्रश्न देवाला विचारायचा नाही, तो ग्रामसभेत विचारायचा आहे, आणि तिथे विचारला की हीच मंडळी म्हणतात, कशाला कुरकुर, देवाचे उपकार माना. उपकारस्तुती ही कोणाच्या तरी अर्धवट बंधाऱ्यावर घालायची ताडपत्री झाली, की मला तिचा राग येतो.

बायबलात इतकी घाई कोणी करत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश तक्रारीची आहेत. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं, पण सुरुवातीला ‘कोठवर?’ म्हणून देवालाच खडसावतं आणि गाण्यावर येतं ते शेवटी. अठ्ठ्याऐंशीवं तर गाण्यावर येतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही कोणी ते पुस्तकातून काढून टाकलं नाही. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांचं सगळं बिनसलं ते तोंड उघडल्यावर. आमच्याकडे सात सेकंदही कोणी गप्प बसत नाही.

बायबलातला प्रेषित पौल ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ म्हणतो तेव्हा ऐकावंसं वाटतं, कारण फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्री स्तोत्रं गाणारा माणूस तो. नाझींच्या रावेन्सब्रुक छावणीत 1944 साली कोरी टेन बूम आणि तिची बहीण बेट्सी या डच बायका होत्या. बराकीत पिसवांचा सुळसुळाट. बेट्सी म्हणाली, पौलानं सर्व स्थितीत म्हटलंय, तर पिसवांबद्दलही आभार मानू. कोरीला हे काही पटेना. पुढे कळलं, की पिसवांच्या भीतीनं पहारेकरी त्या खोलीत पाय ठेवत नव्हते आणि म्हणूनच त्यांचं चोरून चाललेलं बायबल-वाचन सुरक्षित राहिलं होतं. पण पिसवा बेट्सीलाही चावत होत्या. आभार माना असं दुसऱ्याला सांगायचं असेल तर एवढी अट पाळावी. बँकेच्या छत्रीखालून सांगू नये.

उपकारस्तुतीची आणखी एक जात आहे, ती लूकनं आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, अठराव्या अध्यायात पकडून ठेवलीय. परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा ज्यू, मंदिरात उभा राहून म्हणतो, हे देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे उपकार मानतो. आमच्या प्रार्थनासभांमधल्या निम्म्या साक्षी अशाच असतात. मुलाला कुवेतचा व्हिसा मिळाला, शेजारच्याला मिळाला नाही, स्तुती असो. ‘आपल्यापेक्षा वाईट दिवस असलेल्यांकडे बघा’ हा सल्लाही त्याच घरचा. शेजाऱ्याच्या दुर्दैवावर आपलं समाधान तोलायचं, आणि तराजू धरायला देवाला उभं करायचं!

मामांना मी नंतर तिठ्यावर गाठलं आणि एकच विचारलं, “मामा, वहीत मामीचा नाव कितीदा येता?”

“मामीचा?”

“सकाळची चाय कोण करता?”

“तीच करता. मगे?”

“तिका कधी थँक्यू म्हटलात?”

मामा खरोखर चकित झाले. “तिका कित्याक? ती घरचीच!”

येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकटा, तोही ज्यूंनी परका मानलेला शोमरोनी. नऊ जण कुठे आहेत, हा लूकच्या सतराव्या अध्यायातला प्रश्न मला आता उलटून विचारावासा वाटतो: देवाकडे रोज पाच आभार पोचवणारे हे नऊजण घरी आल्यावर कुठे जातात? पोर्च झाडणाऱ्या बाईसाठी मिस्साचा हेतू दिलेला मी अजून ऐकला नाही. चारचाकीसाठी ऐकला. तिनं त्या रविवारी पोर्च झाडला नसता तर चारचाकीवाले चिखलातून, स्वतःच्या पायांनी आणि माझ्या छत्रीनं गेले असते.

घरी करून बघायचं असेल तर 136वं स्तोत्र घ्यावं. 26 वचनं, प्रत्येकाच्या शेवटी ‘त्याची दया सनातन आहे’. एकानं पहिली अर्धी ओळ म्हणायची, बाकीच्यांनी पालुपद. मूळ स्तोत्र दोन-तीनदा झालं की पहिल्या अर्ध्या ओळी आपल्या घालाव्यात: ज्यानं आज नळाला पाणी सोडलं, जिनं बांगडे साफ करून दिले, ज्या कंडक्टरनं हात दाखवल्यावर गाडी थांबवली. कर्ता म्हणून माणूस चालतो, देवाला त्याचं वाईट वाटत नाही. लहान मुलांना पालुपद द्यावं, ओळ देऊ नये, ती मोबाइलच्या चार्जरचे आभार मानून मोकळी होतात. सुरुवात लाईट गेल्यावर करावी, म्हणजे पावसाळ्यात माणसं जमवावी लागत नाहीत. मात्र बाराव्या-तेराव्या ओळीच्या सुमाराला लाईट येते आणि उरलेल्या ओळींना बसायला कोणी शिल्लक राहत नाही. म्हणून सूर्य, चंद्र, तारे वगैरे शेवटाकडे ढकलावेत आणि घरातल्या माणसांची नावं पहिल्या दहा ओळींतच उरकून घ्यावीत.