पाप त्यांचं, प्रायश्चित्त विश्रामबागेत

सांगलीच्या माणसाला घाबरवायचं असेल तर आकडा फुटांत सांगावा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथलं शेंबडं पोरगंही सांगतं. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हापासून तर आम्ही झोपेतही फूटच बडबडतो. आमचे डॉक्टर इथलेच, शिवाय माझे विद्यार्थी. नववीत मी त्यांना गणितात १०० पैकी ३८ दिले होते. त्यांनी मला एलडीएलमध्ये, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलमध्ये, १६८ दिले.

"सर, शंभरच्या आत पाहिजे. धोका पातळी ओलांडलीय. आता स्थलांतर करा."

"कुठून?"

"मटणावरून."

मी जरा हुज्जत घातली. रेड मीट बंद म्हणजे तांबडा रस्सा बंद, हे समजलं; पण पांढरा चालायला काय हरकत आहे? डॉक्टरांनी काही न बोलता चिठ्ठीवर एक गोळी वाढवली. नववीतला राग असा निघतो.

बुधवार, शुक्रवार आणि रविवार एवढेच वार ज्याच्या कॅलेंडरवर खरे, त्या माणसाची ही गत. बायकोनं बातमी अर्ध्या तासात ओहायोला पोचवली. ओहायोत आमची मुलगी राहते. तिनं लगेच फोन केला आणि मागोमाग पाककृती धाडली : हेल्दी टर्की मीटलोफ. "बाबा, इथं घरोघरी करतात. एकदम सोप्पं. सगळं एका भांड्यात कालवायचं, टिनमध्ये थापायचं आणि ओव्हनमध्ये ढकलायचं." बायको म्हणाली, "सोपं आहे ना? मग तुम्हीच करा. माझं एलडीएल नॉर्मल आहे."

आईनं (वय ८४, दात ४, एलडीएल कधी मोजलेलं नाही) एकच शंका काढली. "मटणात पाव घालायचा का पावात मटण?"

दोन्ही नाही, हे तिला समजावताना मलाही प्रकरण समजलं. अमेरिकेतला मूळ मीटलोफ गाईच्या मांसाच्या खिम्याचा. त्यात अंडं, कांदा, पावाचा चुरा घालून पावाच्या साच्यात भाजतात आणि वरून केचप फासतात. चरबी सुटते भरपूर. त्यांची कोलेस्टेरॉलं वाढली तशी कुणी शहाण्यानं गाईच्या जागी टर्की घातली, पावाच्या चुऱ्याच्या जागी ओट्स घातले आणि भाज्या किसून टाकल्या. झाला हेल्दी. त्यांच्यापुरतं बरोबरच आहे. पण आमच्या सात पिढ्यांत मूळ मीटलोफ कुणी हुंगलासुद्धा नव्हता! शेजाऱ्यानं दारू सोडली म्हणून आपण ताक सोडून लिंबूपाणी धरायचं, त्यातला हा प्रकार. पाप त्यांनी ओहायोत करायचं आणि प्रायश्चित्त मी सांगलीच्या विश्रामबागेत घ्यायचं. हे मी मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, "बाबा, एलडीएल किती म्हणालात?"

मग मी हरभट रोडला जाऊन पावाचा टिन आणला.

टर्की मात्र कुठं मिळेना. चिकनच्या दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, "टर्की? ट्रॅव्हलवाल्याकडं जावा की." त्याचं काही चुकलं नाही. या पक्ष्याच्या नावाइतका घोळ तलाठ्याच्या दप्तरातही नसेल. बिचारा मूळचा अमेरिका खंडातला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानच्या नावावर चढवला. तुर्कांनी हात झटकले आणि त्याला 'हिंदी' म्हणायला लागले. डचांनी कालिकतचा समजून 'काल्कून' केलं. पोर्तुगीज त्याला म्हणतात 'पेरू'. म्हणजे प्रत्येकानं आपल्या सातबाऱ्यावरून काढून दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर लावलेला हा वारस. एलडीएल कमी करायला 'पेरू' खा, असं कुणी मराठीत सांगितलं असतं तर मारुती चौकात दहा मिनिटांत काम उरकलं असतं.

शेवटी पत्ता लागला तो कवठेपिरानच्या वाटेवर. हिंदकेसरी मारुती माने यांचं हे गाव. तिथल्या वाटेवर एक जण मळ्यात पाचपन्नास टर्क्या पाळतो असं कळलं. आयर्विन पूल ओलांडला, सांगलीवाडी, कसबे डिग्रज मागं टाकलं आणि मळ्यात शिरलो. जागेचा गुण म्हणा, पण समोर आला तो पैलवानच होता. छाती पुढं, शेपटीचा पंखा उभारलेला, डोकं निळं-तांबडं, चोचीवरून मांसाची एक शेंडी लोंबतेय आणि प्रत्येक पावलाला हुक्का ओढल्यासारखी गुडगुड. त्यानं माझ्याकडं एका डोळ्यानं पाहिलं. मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. इन्स्पेक्शनला आलेले साहेब फळ्याकडं असंच बघायचे.

पाककृतीत लिहिलं होतं एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम. मी म्हणालो, "अर्धा किलो द्या."

"ओ सर, हे काय दोडकं हाय व्हय अर्धं कापून द्यायला?"

साफ करून साडेचार किलो भरला. पिशवी स्कूटरच्या पुढ्यात ठेवली तर पाय ठेवायला जागा उरेना. पूल परत ओलांडताना मला वाटत होतं, येणारे-जाणारे सगळे माझ्याकडं बघताहेत. पिशवीतून एक पाय बाहेर आला होता, हे घरी आल्यावर कळलं.

आता खिमा. माझा नेहमीचा खाटीक म्हणजे तीस वर्षांचा ऋणानुबंध. माझ्या पोरीच्या बारशाचं, पोराच्या मुंजीनंतरचं, सगळी मटणं त्याच्या ओंडक्यावरची. डॉक्टरकडून आल्यापासून महिनाभर मी त्या गल्लीतून जाणंच टाळलं होतं. आणि महिन्यानं उगवलो तो बाहेरचा माल बगलेत मारून! त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं. तुकाराम बीजेला देहूला निघालेल्या माणसाच्या ओठांवर मटणाचा रस्सा दिसावा तसा त्याचा चेहरा झाला. "बाहेरनं आणलं व्हय, सर?"

मी एलडीएलची सगळी कथा सांगितली. कातडं काढायचं, चरबी काढायची, फक्त छातीचा खिमा करायचा. "मग ऱ्हातं काय?" असं पुटपुटत त्यानं पैलवानाला चिंचेच्या ओंडक्यावर उताणा पाडला. मशीनला हात लावला नाही. परक्या पक्ष्याला मशीन नाही, असा त्याचा काही धर्म असावा. दोन्ही हातांत दोन सत्तूर घेऊन तो बसला, आणि मग जे काही सुरू झालं ते बघत उभं राहावं. डाव्या-उजव्याची ठेका धरल्यासारखी खटखट. मधूनच सत्तुराच्या पात्यानं सगळं गोळा करायचं, उलथायचं आणि पुन्हा खटखट. पाच मिनिटांत छातीचा फिका गुलाबी लगदा झाला. कागदात बांधून त्यानं पुडकं माझ्या हातात दिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "लई कोरडं लागंल ओ. मूठभर बोकडाची चरबी घातलीया आतनं. त्येचं पैसं नकोत."

एवढ्या मायेनं घातलेली चरबी परत कशी करणार?

घरी आलो आणि कळलं की आज संकष्टी. गणपतीच्या गावात राहून हे विसरणं म्हणजे हद्दच. पैलवान फ्रीजरमध्ये गेला, आणि त्याला जागा करायला मटार, किसलेलं खोबरं आणि आईचा गुडघा शेकायचा बर्फाचा पॅक बाहेर आला. चार दिवस त्या घरात मला कुणी धड बोललं नाही. त्याच चार दिवसांत वाचताना मला आणखी एक गोष्ट सापडली : कातडं काढलेल्या साध्या कोंबडीच्या छातीत आणि टर्कीच्या छातीत चरबीचा म्हणावा असा फरकच नसतो. ही गोष्ट मी अजून बायकोला सांगितलेली नाही.

रविवारी सकाळी अंगाला एप्रन बांधून उभा राहिलो. बायको मेथी निवडायला म्हणून समोर बसली, पण तासाभरात जुडी काही संपली नाही.

टर्कीचा खिमा कोरडा, म्हणून ओलाव्याला झुकिनी किसून घाला, असं मुलीनं लिहिलं होतं. झुकिनीच्या जागी दुधी. ओट्स दुधात भिजवा. भिजवले. कांदा, गाजर, अंडं, सगळं पडलं. मग आलं वूस्टरशायर सॉस. हा उच्चार मला व्हिडिओवर तीनदा ऐकावा लागला, कारण लिहितात एक आणि म्हणतात भलतंच. बायकोनं विचारलं, "असतं काय त्यात?" मी वाचून दाखवलं : व्हिनेगर, काकवीसारखा पाक, चिंच आणि मुरवलेली बारकी मासळी.

"म्हणजे चिंच-गुळाचा कोळ. त्यात चिमूटभर सुकट चुरडा. इंग्रजांनी आमटीची बाटली भरली आणि तुम्ही तोंड वेडंवाकडं करून तिचं नाव घेताय."

यावर उत्तर नव्हतं. कोळ पडला. सुकटीवर मात्र मी ठाम राहिलो.

'हलक्या हातानं कालवा, मळू नका, नाहीतर लोफ दडस होतो.' तेहेतीस वर्षं खडू धरलेला हात हलकाच असतो. मी कालवून हात धुवायला मोरीकडं वळलो तेवढ्यात आई तिथं येऊन गेली, एवढंच मला कोपऱ्यातून दिसलं. पातेल्यातला फिका लगदा मघापेक्षा तांबूस वाटला. मला वाटलं, गाजर.

आता ओव्हन. आमचा ओटीजी दिवाळीच्या एक्स्चेंजमध्ये आला तेव्हापासून त्यात जादा झाकणं, शंकरपाळ्याचं कातणं आणि मागच्या वर्षीचा आकाशकंदील राहतो. त्यांना बेघर केलं. पाककृतीत तापमान ३५०, आणि ओटीजीची चकती २५०लाच संपते. क्षणभर हबकलो, मग आतला मास्तर जागा झाला. फॅरनहाइट! बत्तीस वजा, गुणिले पाच, भागिले नऊ : १७७. जन्मभर हे रूपांतर पोरांना घोकायला लावलं, पुढं कामाला येईल म्हणून. आज पहिल्यांदा आलं.

पुढची अडचण आतल्या तापमानाची. कोंबडीवर्गातलं मांस मध्यभागी १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस झालं की शिजलं समजायचं. त्याला अमेरिकेत खुपसायचा थर्मामीटर मिळतो. आमच्याकडं तापाचा आहे. त्याची रेघ १०८ला संपते, आणि तो हातात घेऊन मी ओव्हनकडं निघालेलो बघून बायको म्हणाली, "त्याला औषधही पाजणार आहात का?"

पंचविसाव्या मिनिटाला लाइट गेली.

आत जे होतं ते धड कच्चं नाही, धड शिजलेलं नाही, आणि त्यात अंडं. थांबणं शक्य नव्हतं. शेवटी बायकोलाच दया आली. पूर्वी ओव्हन नव्हता तेव्हा ती कुकरमध्ये केक करायची : तळाला मीठ, झाकणाची रिंग काढलेली, शिट्टी काढलेली. मीठ तापलं. आणि मग लक्षात आलं की पावाचा टिन लांब आणि कुकर गोल. लोफ उचकटून डब्यात दाबण्यात आला. म्हणजे आता त्यात ना बीफ, ना झुकिनी, ना वूस्टरशायर, ना ओव्हन, आणि शेवटी लोफचा आकारही गेला. राहिलं होतं ते केचप. पण केचपमध्ये साखर असते हे बायकोनं बाटलीवर वाचून दाखवलं, म्हणून तेही अर्धंच फासलं.

विणायची सुई खुपसून बघितली. पाणी स्वच्छ आलं. दहा मिनिटं थांबून कापा, असं लिहिलं होतं. कापताना एक वडी सुटून पडली, बाकीच्यांनी धीर धरला. तपकिरी, गोल, वर केचपचा टिळा. आईनं तुकडा तोंडात टाकला, चार दातांनी तो इकडून तिकडं फिरवला. आम्ही तिघंही गप्प. मग मीही घास घेतला. ओट्सचा गिळगिळीतपणा, दुधीचा बिनचेहऱ्याचा स्वभाव आणि या सगळ्याच्या मागून कुठूनतरी ओळखीचा झणका. कांदा, लसूण, सुकं खोबरं. मी आईकडं बघितलं.

"दोनच चमचं घातली. आपली चटणी," ती म्हणाली. "बिनचटणीचं आजाऱ्यालाबी देऊ नये."

संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. कसा झाला, कसा झाला? मी फोन आईपुढं धरला. आई म्हणाली, "बरा झाला गं. पर तुमच्यात चटणी घालत न्हाईत काय त्यात?" मग पंधरा मिनिटं आजीनं नातीला मीटलोफ शिकवला. नात ओहायोत बसून लिहून घेत होती.

उरलेल्या पैलवानाचं बायकोनं त्याच आठवड्यात खोबरं-तिळाचं वाटण लावून तांबडं केलं. त्याच्याबरोबर तीन भाकऱ्या कशा गेल्या कळलं नाही. टर्की तशी चांगली असते. एक तंगडी तेवढी अजून फ्रीजरमध्ये आहे. एवढी मोठी की कुठल्याच पातेल्यात मावत नाही, आणि तोडायला खाटकाकडं न्यायची तर तो विचारणार.

काल गेलोच. त्यानं तंगडी बघितली, मला बघितलं, सत्तूर उचलला.

"चरबी घालू?"

"नको."

"बरं." दोन घाव घालून त्यानं तुकडे पुडक्यात भरले. मग हुकाकडं मान वळवून म्हणाला, "करडू आलंय आज. कवळं. पाव किलोनं काय पूर येत न्हाई, सर."