‘कंपनीचा डबा पुरे’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. आशय असा: छोट्या दुकानाला किंवा ऑफिसला वायरचा वेगळा राउटर (आलेलं नेट आतल्या यंत्रांना वाटून देणारं यंत्र) घ्यायची गरज नाही, नेट कंपनी देते तो डबा पुरे. वायरीचा जमाना गेला, सगळं वायफायवर चालतं. नेट स्लो झालं तर प्लॅन वाढवा. बंद पडलं तर मागचं रीसेटचं बटण दाबा. आणि फारच गरज असेल तर दोन कनेक्शन एकत्र जोडा, स्पीड दुप्पट होतो.

मी सांगली, मिरज, कुपवाड भागात दुकानांची आणि छोट्या कारखान्यांची नेटवर्कची कामं करतो. या मेसेजप्रमाणे वागून लोकांचे पैसे जातात आणि ऐन गर्दीत बिलिंग बंद पडतं, हे रोज बघतोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कंपनीचा डबा पुरे.’

एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मालकाचा मोबाईल एवढंच असेल तर खरंच पुरे. तिथे वेगळा राउटर विकणारा माणूस तुमचं भलं करत नाही. पण चार-सहा कॉम्प्युटर, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), हजेरीचं मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, बारकोडचा प्रिंटर असा पसारा झाला की चित्र बदलतं. तो डबा फायबरमधला प्रकाश वायरीत आणतो, त्यातच राउटर, त्यातच वायफाय, त्यातच अनेक वायरी जोडायचा स्विच. आणि त्याची चावी कंपनीकडे असते. डबा बिघडला की कंपनीचा माणूस नवीन लावून जातो, आणि तुमच्या प्रिंटरचे, डीव्हीआरचे ठरवून दिलेले पत्ते (नेटवर्कवरचे नंबर) जुन्या डब्याबरोबर निघून जातात. दुसऱ्या दिवशी बिल निघत नाही तेव्हा कळतं.

स्वतःचा वायरचा राउटर असला की कंपनीच्या डब्याकडे एकच काम उरतं, नेट दारापर्यंत आणायचं. दुकानातले सगळे पत्ते, नियम, पासवर्ड तुमच्या राउटरमध्ये राहतात. उद्या कंपनी बदलली तर बहुतेक वेळा वॅन पोर्टची, म्हणजे बाहेरचं नेट जिथून आत येतं तिथली, एक वायर आणि लॉगिन बदलायचं, आतलं काही हलत नाही.

राउटर घेताना मी चार गोष्टी बघतो. सगळे पोर्ट गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट (एमबीपीएस) नेणारे, आहेत का. दोन वॅन लावता येतात का. कॅमेरे आणि गिऱ्हाइकांचं वायफाय हिशेबाच्या कॉम्प्युटरांपासून वेगळं करता येतं का, म्हणजे व्हीलॅन आहे का. आणि चौथी, जी लोक सोडून देतात: तुमच्या गावात तो दुरुस्त करणारं कोणी आहे का. टीपी-लिंकचा ईआर६०५ आणि मिक्रोटिकचा हेक्स हे दोन्ही पाच गिगाबिट पोर्टचे आहेत आणि छोट्या धंद्याला रग्गड होतात. हेक्समध्ये करता येण्यासारखं खूप आहे, पण तो समजणारा माणूस हाताशी नसेल तर मी घ्या म्हणणार नाही. जुन्या बाजारात टीपी-लिंकचा आर४७०टी प्लस स्वस्तात मिळतो, दोन-दोन लाइन लागतात म्हणून लोक उचलतात. त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहेत. २०० चा प्लॅन घेऊन त्याच्या एका पोर्टात वायर खुपसली की त्या लाइनवर जेमतेम ९० ते ९५ मिळणार, कंपनीला कितीही फोन करा.

जोडताना एक काळजी घ्या. कंपनीला डबा ब्रिज मोडवर, म्हणजे त्यातला राउटर बंद करून नुसतं नेट पुढे देण्यावर, टाकून द्यायला सांगा. देत नसतील तर तुमच्या राउटरची पत्त्यांची रांग डब्याहून वेगळी ठेवा. डबा १९२.१६८.१ वर असेल तर राउटर १९२.१६८.५० वर न्या. दोन्हीकडे एकच रांग राहिली तर राउटरला आत कुठे आणि बाहेर कुठे हे कळत नाही.

‘वायरीचा जमाना गेला.’

मोबाईलपुरता गेला असेल. वायफायवर एका चॅनलला एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सांगलीच्या गणपती पेठेतल्या दाटीवाटीच्या दुकानांत मोबाईल उघडून बघा, किती वायफायची नावं दिसतात ती. ती सगळी त्या तीन चॅनलांत मावायची आहेत. ५ गिगाहर्ट्झला जागा जास्त, पण जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे तो टिकत नाही.

त्यात टॅली एका कॉम्प्युटरवर आणि बाकीचे त्याच्यातून डेटा उघडणारे असतील तर प्रत्येक नोंद दुकानातल्या दुकानात जाते-येते. मधेच वायफाय क्षणभर तुटलं की टॅली अडकतं, कधी डेटाही खराब होतो. जे यंत्र टेबलावरून हलत नाही त्याला वायर, जे हातात फिरतं त्याला वायफाय.

‘नेट स्लो झालं तर प्लॅन वाढवा.’

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो.

हळदीच्या हंगामात मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात गेलो होतो. सौदे झाले की शेतकरी पट्टीसाठी (विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी) काउंटरपुढे उभे, आणि दिवाणजींच्या स्क्रीनवर टॅली फिरत बसलेलं. मालकांनी प्लॅन दोनदा वाढवला होता. मुळात टॅलीचा तो डेटा नेटवरून जातच नव्हता, तो आतल्या खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर होता. त्या कॉम्प्युटरवर इथरनेटची स्थिती उघडली तर स्पीड १०० एमबीपीएस दिसला, बघता बघता वायर तुटल्याची फुली आली आणि परत १००. कार्ड गिगाबिट, स्विच गिगाबिट, मग दोष मधल्या वायरीत. वायर वखारीतून पोत्यांच्या थप्पीमागून आणलेली, आणि तिथे उंदरांनी ती कुरतडलेली होती. ब्राऊन जोडीतली एक तार तुटलेली, ऑरेंज जोडीतली एक धाग्याला लटकलेली.

लॅनच्या (दुकानातल्या नेटवर्कच्या) वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून निळी किंवा ब्राऊन जोडी गेली तरी वायर मेली असं दिसत नाही, ती गुपचूप १०० वर उतरते आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. त्या दुकानात नवीन वायर पाइपातून ओढली आणि दोन्ही टोकांना नव्या पिना मारल्या. टॅली पळायला लागलं. प्लॅन मालकांनी पुढच्या महिन्यात पुन्हा खाली आणला.

वायर घेतानाही फसवणूक होते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियम. ती वाकवली की तुटते आणि पिनेत सैल होते. शुद्ध तांब्याची कॅट ५ई वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, छोट्या दुकानाला याहून जास्त काही लागत नाही.

प्लॅन खरंच कमी पडतोय का हे बघायचं असेल तर लॅपटॉप वायरीने थेट कंपनीच्या डब्याला लावा आणि स्पीड तपासा. मग राउटरमागे लावा. मग स्विचमागे. ज्या टप्प्यावर आकडा पडला तिथे दोष. डब्यालाच प्लॅनइतका स्पीड मिळत असेल तर मोठा प्लॅन घेऊन आतलं दुखणं जाणार नाही. आणि १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ एमबीच्या आसपास उतरणार, कारण प्लॅन बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट. तेवढं दिसत असेल तर कंपनी तुम्हाला पूर्ण देतेय. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर चढत असेल तर मात्र अपलोड तपासा, तो भरला की सगळंच अडखळतं.

‘बंद पडलं तर रीसेटचं बटण दाबा.’

हा सल्ला सगळ्यात घातक आहे. बंद करून चालू करणं वेगळं आणि टाचणीने दाबायचं ते बारीक भोकातलं बटण वेगळं. त्या बटणाने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा नंबर, प्रिंटरचे पत्ते, सगळं पुसलं जातं. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचा ३बी रिटर्न भरायचा आहे, संध्याकाळ झालीय, आणि कंपनीचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, अशा वेळी हे बटण दाबलेली दुकानं मी पाहिली आहेत. त्या माणसांचे चेहरे बघवत नाहीत.

त्याआधी पाच मिनिटं द्या. डब्यावरचे दिवे बघा. एलओएस (सिग्नल नसल्याचा दिवा) लाल असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. डब्यात घुसणारी पिवळी फायबर वायर कुठे मुडपली नाही ना एवढं बघून कंपनीला फोन करा, राउटरला हात लावू नका. पॉनचा (फायबर लाइनचा) दिवा स्थिर असेल तर लाइन आहे, पुढे शोधायचं.

मग कॉम्प्युटरचा आयपी पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. एकाच कॉम्प्युटरला असं असेल तर त्याची वायर, सगळ्यांना असेल तर स्विच किंवा राउटर. पत्ता मिळालाय पण रोजच्यापेक्षा वेगळ्या रांगेतला आहे? मग कोणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणून लॅन पोर्टात लावलाय आणि तोही पत्ते वाटतोय. असं झालं की निम्मे कॉम्प्युटर चालतात, निम्मे नाही. पत्ता बरोबर असेल तर आधी राउटरला पिंग करा (कमांड देऊन तो उत्तर देतो का बघा), मग ८.८.८.८ या बाहेरच्या गूगलच्या पत्त्याला. राउटरलाच पिंग होत नसेल तर दोष दुकानात. राउटरला होतं आणि बाहेर होत नाही, तर वॅनची वायर आणि लॉगिन बघून कंपनीला कळवा, स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. दोन्हीकडे होतं पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलून बघा.

स्विचवरचे सगळे दिवे एकाच लयीत, थांबल्याशिवाय वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि सगळं दुकान ठप्प असेल तर लूप शोधा. झाडलोट करताना कोणाला तरी एक मोकळी वायर दिसते आणि तो ती त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टात लावून टाकतो. एकेक वायर उपटत जा, दिवे शांत झाले की सापडली.

साउंडबॉक्स बोलतोय म्हणजे नेट चालू आहे, असंही धरू नका. बऱ्याच साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं, तुमच्या राउटरशी त्याचा संबंध नसतो.

रीस्टार्ट करायचाच तर क्रम पाळा. आधी डबा, पॉन स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग राउटर, शेवटी स्विच. आणि आज सगळं नीट चालू असताना राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाइल काढून ठेवा. कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा, गल्ल्याजवळ भिंतीवर चिकटवू नका.

‘दोन कनेक्शन जोडली की स्पीड दुप्पट.’

होत नाही. राउटर कामं वाटून देतो, एक काम एका लाइनवर, दुसरं दुसऱ्या. एक मोठी फाइल एका वेळी एकाच लाइनवरून येते. उलट बँकेच्या साइटवर मधेच लाइन बदलली की तिला पत्ता बदललेला दिसतो आणि ती तुम्हाला बाहेर काढते. म्हणून बँक आणि जीएसटीची कामं एकाच लाइनवर बांधून ठेवावी लागतात, चांगल्या राउटरमध्ये तशी सोय असते.

दुसऱ्या कनेक्शनचा खरा उपयोग पहिलं गेल्यावर होतो. पण दोन कंपन्यांच्या फायबर एकाच खांबावरून येत असतील तर वळवाच्या वाऱ्यात एक फांदी दोन्ही घेऊन जाते. घेण्याआधी बाहेर जाऊन दोन्ही वायरी कुठून येतात ते बघा. एकाच रस्त्याने येत असतील तर दुसरी लाइन सिमवरची घ्या.

मेसेजमध्ये नाही अशा दोन गोष्टी, आपल्या भागासाठी. राउटर आणि स्विच जमिनीलगत ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पेठेत पाणी कुठवर आलं होतं ते त्या दुकानदारांना ठाऊक आहे, रॅक त्या खुणेच्या वर लावा. आणि दुकान ते मागची वखार अशा दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन वायर उघड्यावरून ओढू नका. एप्रिल-मेमध्ये वीज जवळ कुठे पडली तरी त्या वायरीतून झटका येतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. तिथे फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅन वायरशी जोडणारा डबा) लावा, काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही.