पाचशे जीबीचं वचन

आमच्या घरात माणसं चार आणि छत्र्या दोन. वर्षाचे आठ महिने त्यावाचून कुणाचं काही अडत नाही, आणि पावसाळ्यातही चौघं एकाच वेळी दाराबाहेर पडलेत असं क्वचितच होतं. म्हणून थिन प्रोव्हिजनिंगबद्दल, म्हणजे डिस्कवर आहे त्यापेक्षा जास्त जागा वाटून देण्याच्या युक्तीबद्दल, पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते मला अगदी घरचंच वाटलं. डिस्क एक, मागणारे चार, आणि सगळे एकदम थोडेच मागणार आहेत?

जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून घरचा सर्व्हर करायचं माझ्या डोक्यात कधीपासून होतं. एक टीबीची एसएसडी आणली. दुकानदाराचा टीबी हजाराच्या हिशोबातला आणि संगणकाचा १०२४ च्या, त्यामुळे घरी येईपर्यंत तिचे ९३१ जीबी झाले. भाजीवाल्याने तोलताना एवढी घट धरली असती तर आईने त्याला उभा सोडला नसता. त्यातले १३१ सिस्टिमला काढून ठेवले आणि उरलेले ८०० झाडून सगळे एका थिन पूलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यात, ओतले. ‘झाडून सगळे’ हे लक्षात असू द्या.

मग वाटप. लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटून देण्याचं काम एलव्हीएम करतं. त्याच्या एलव्हीक्रिएट या कमांडला मोठा एल लावून आकार दिला की तेवढी जागा तिथल्या तिथे मोजून बाजूला निघते. मोठा व्ही लावला की तेवढी आहे असं फक्त सांगितलं जातं. खरी जागा लागेल तशी पूलमधून तुकड्यातुकड्याने मिळते. व्ही म्हणजे व्हर्च्युअल, पण मी तो वचनाचा व्ही धरला आणि सुटलो. बायकोला ५००, बाबांना ५००, चिरंजीवांना ५०० आणि कर्ता पुरुष म्हणून स्वतःलाही ५००. आठशेत दोन हजार! एवढं औदार्य मला पगाराच्या दिवशीसुद्धा कधी सुचलेलं नाही.

एलव्हीएमने इशारा दिला होता, नाही म्हणत नाही. सगळ्या थिन व्हॉल्यूमांची, म्हणजे वचन दिलेल्या वाट्यांची, बेरीज पूलपेक्षा जास्त होतेय, आणि पूल भरू नये म्हणून जे संरक्षण असतं ते तुम्ही चालू केलेलं नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. मी ते ट्रकच्या मागे लिहिलेला मजकूर वाचावा तसं वाचलं आणि ओव्हरटेक केलं.

आठ-दहा महिने रामराज्य होतं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी जुन्या कॅसेटांवरची कीर्तनं संगणकावर उतरवायला घेतली होती. बायको तिच्या शिकवणीचे व्हिडिओ ठेवायची. चिरंजीव अभ्यासाचं काहीतरी ठेवायचा, असं तो म्हणायचा. ज्याच्या-त्याच्या स्क्रीनवर आपापले पाचशे दिसत होते आणि मला घरात मान होता.

मग गणपती आले. दीड दिवसांत बायकोने आरत्या, नैवेद्य, पाहुणे आणि पाहुण्यांची पोरं एवढं चित्रण केलं, की एखाद्या वाहिनीला महिनाभर पुरावं. सुट्टी म्हणून चिरंजीवांनी दोन गेम उतरवले. विसर्जन करून आलो, उरलेला मोदक तोंडात घातला, तेवढ्यात आतून हाक आली.

“अरे, बुवा मध्येच थांबले!”

बाबांच्या स्क्रीनवर कॉपीची निळी पट्टी एका जागी रुतून बसली होती. पूल भरला की लिनक्स लगेच बोंब मारत नाही. कुणीतरी जागा वाढवेल या आशेने लिहिण्याची कामं साठ सेकंद अडवून धरतो, आणि मगच एरर देतो. ती साठ सेकंदं मी वायर हलवण्यात घालवली. नंतर बाबांचा व्हॉल्यूम रीड-ओन्ली झाला. म्हणजे कीर्तन ऐका, नवीन उतरवू नका.

“जागा संपली असेल,” मी म्हणालो.

“संपेल कशी? हे बघ की.” बाबांनी चष्मा कपाळावर सारून बोट टेकवलं. पाचशेपैकी जवळजवळ तीनशे जीबी मोकळे दिसत होते. आणि त्यात खोटं काही नव्हतं. व्हॉल्यूममधल्या फाइलींचा हिशोब ठेवणाऱ्या त्या बिचाऱ्या फाइलसिस्टीमलाही मी तेच सांगितलं होतं. खरा आकडा एलव्हीएस या कमांडने दिलेल्या यादीत, पूलच्या ओळीत होता: १००.००. दशांशानंतरची ती दोन शून्यं मला वाकुल्या दाखवत होती.

चिरंजीवांना उठवून त्यांच्या ‘अभ्यासातले’ १५० जीबी पुसायला लावले. तोही पुसत होता, मीही त्याच्या मानगुटीवर उभा. पुन्हा यादी पाहिली. १००.००. पोरगा म्हणाला, “बाबा, आता तुमची शपथ, सगळं उडवलंय.” त्याचंही खरं होतं. फाइल पुसली की फाइलसिस्टीम आपल्यापुरती ती जागा मोकळी धरते; पूलला कुणी कळवत नाही. भाडेकरू खोली सोडून गेला, पण किल्ली त्याच्याच खिशात. ती परत मागायची तर एफएस-ट्रिम ही कमांड चालवावी लागते, आणि ती मी जन्मात चालवलेली नव्हती. चालवली. दीडशे जीबी सुटले, आकडा ८१ वर आला आणि माझा श्वास खाली बसला. मग बाबांचा व्हॉल्यूम काढून, तपासून, दुरुस्त करून परत जोडला. रात्रीचे दोन.

बाबा तोवर झोपले नव्हते. चहा घेत त्यांनी सगळा प्रकार समजून घेतला. म्हणजे मला वाटलं समजावतोय मी.

“अरे, आम्ही बँकेत जन्मभर हेच केलं,” ते म्हणाले. “लोकांनी ठेवलेले पैसे कपाटात थोडेच असतात? कर्जाऊ दिलेले असतात. सगळे ठेवीदार एकदम दारात आले तर कुठलीही बँक बसेल. म्हणून तर सीआरआर, ठेवींतला ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे राखून, ठेवावा लागतो. तुझा सीआरआर किती?”

“शून्य.”

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला, बस.

दुसऱ्या दिवशी आणखी एक टीबी आणली आणि व्हॉल्यूम ग्रुपला, म्हणजे ज्यातून पूल कापला त्या डिस्कांच्या एकत्रित साठ्याला, जोडली. एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमधला ऑटोएक्स्टेंडचा, म्हणजे पूल आपोआप वाढवण्याचा, उंबरठा १०० वर होता. तोच मुळातला आकडा, आणि त्याचा अर्थ ‘बंद’. तो ८० केला: पूल ८० टक्के भरला की आपोआप २० टक्क्यांनी वाढेल. अर्थात ग्रुपमध्ये मोकळी जागा असेल तरच. आधी मी ती झाडून ओतली होती. शिवाय कोणता तुकडा कुणाला दिला याची पूलची वेगळी वही असते, मेटाडेटा. ती भरली तर डेटाला जागा असूनही उपयोग नाही. बाबांना हे सांगायला नको होतं. आता ते रोज सकाळी दोन्ही टक्के माझ्याकडून वदवून घेतात आणि जुन्या डायरीत तारीखवार लिहितात.

शेवटी त्यांनी निकाल दिला. “बाकीच्यांना तुझी वचनं दे. माझे पाचशे एफडीत टाक. एलवाले.”

मी निमूटपणे मोठा एल टंकला, पाचशे जीबी मोजून बाजूला काढले आणि सगळी कीर्तनं तिकडे हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डायरी घेऊन ते पाठीमागे येऊन उभे राहिले. एलव्हीएसच्या यादीत सगळ्यांपुढे टक्के होते. बाबांच्या ओळीत तो रकाना कोरा. कायम मोजून दिलेल्या जागेपुढे तो कोराच राहतो.

बाबांनी चष्मा खाली ओढला, ओळ दोनदा वाचली आणि पेनाचं टोपण काढत विचारलं, “सगळ्यांचं काहीतरी लिहिलंय. माझे गेले कुठं?”