स्टॅक ट्रेसची पहिली ओळ पुरत नाही

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या ग्रुपांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय. त्याचा मथितार्थ असा : स्टॅक ट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम पडल्यावर छापली जाणारी कॉलची यादी, वाचत बसू नका. पहिली ओळ उचला आणि सर्चला किंवा एआयला द्या. खालच्या पन्नास ओळी म्हणजे फ्रेमवर्कचा कचरा. ज्या ओळीवर कोड फुटला तिथे नल-चेक (किंमतच नाही, म्हणजे नल आहे का, ही तपासणी) टाका आणि पुढे चला. प्रॉडक्शनमधल्या मिनिफाय केलेल्या, म्हणजे आकसून एका ओळीत कोंबलेल्या कोडचा ट्रेस तर कुणालाच वाचता येत नाही.

हा सल्ला मानून रात्र रात्र चुकीच्या फाइलमध्ये शोधत बसलेली हुशार मुलं मी शेजारच्या खुर्चीवर पाहिली आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘पहिली ओळ’. कुठल्या भाषेतली? पायथनमध्ये पहिली ओळ असते ‘ट्रेसबॅक, मोस्ट रीसेंट कॉल लास्ट’. ही ओळ एरर सांगत नाही, पुढचं कसं वाचायचं ते सांगते : सगळ्यात शेवटचा कॉल सगळ्यात खाली, आणि एररचं नाव त्याच्याही खाली. जावात उलटं. एक्सेप्शन वर आणि सगळ्यात आतला कॉल त्याला लागून.

पण खरं कारण जावातही बहुतेक वेळा वर नसतं. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमधलं ॲप सुरू होतानाच पडलं की वर दिसतं ‘अनसॅटिस्फाइड डिपेन्डन्सी एक्सेप्शन’, म्हणजे अमुक बीन (स्प्रिंग स्वतः बनवतं तो ऑब्जेक्ट) तयार करता आलं नाही. मग माणूस ॲनोटेशन तपासतो, पॅकेजची नावं तपासतो, तासभर जातो. खाली उतरत गेलं असतं तर एकामागून एक ‘कॉज्ड बाय’ भेटले असते आणि त्यातल्या शेवटच्यात लिहिलेलं असतं : ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. पोस्टग्रेस हा डेटाबेस सुरूच नव्हता. जावात साखळीचं मूळ असं तळाशी सापडतं. पायथनमध्ये मात्र एक एक्सेप्शन हाताळताना दुसरं आलं, तर मूळ एक्सेप्शनचा ट्रेस आधी छापला जातो आणि नंतरचं त्याच्याखाली. म्हणजे तिथे मुळासाठी वर जायचं. जावातल्या ‘आणखी २३’ अशा ओळीला बरेच जण घाबरतात, त्यांना वाटतं माहिती गाळली गेली. तसं नाही. त्या २३ फ्रेम, म्हणजे ट्रेसमधल्या एकेका कॉलच्या ओळी, वरच्या एक्सेप्शनच्या शेपटीत जशाच्या तशा आहेत, म्हणून पुन्हा छापलेल्या नाहीत.

संदेश सर्चमध्ये टाकण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जावास्क्रिप्टमध्ये अनडिफाइन्डवर ‘मॅप’ बोलावलं की क्रोम म्हणतो ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड’, फायरफॉक्स व्हेरिएबलचं नाव घेऊन ‘इज अनडिफाइन्ड’ म्हणतो, सफारी म्हणतो ‘अनडिफाइन्ड इज नॉट ॲन ऑब्जेक्ट’. एकाच चुकीचे तीन संदेश, आणि प्रत्येकाखाली जगभरातल्या वेगवेगळ्या चुकांची उत्तरं. तुमचा डेटा का आला नाही, हे त्यातल्या कुणालाही माहीत असणं शक्य नाही.

आता तो ‘फ्रेमवर्कचा कचरा’. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. लायब्ररीच्या फ्रेम घडी करून ठेवायची सोय एडिटरमध्ये असते आणि ती मीही वापरतो. पहिल्या नजरेत आपल्या पॅकेजचं नाव शोधणं योग्यच. पण घडी करणं वेगळं आणि फेकून देणं वेगळं.

डेटाबेसशी बोलणाऱ्या हायबरनेट या लायब्ररीचा ‘लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन’ घ्या. ऑर्डर डेटाबेसमधून आणली, तिच्यातल्या वस्तूंची यादी नंतर लागेल तेव्हा आणायची असं ठरलं, आणि लागली तेव्हा हायबरनेटचं डेटाबेसशी चाललेलं सेशन बंद झालेलं होतं. स्प्रिंग बूटमध्ये ‘ओपन-इन-व्ह्यू’ (उत्तर पाठवून होईपर्यंत सेशन उघडं ठेवणारं सेटिंग) बंद ठेवलेलं असेल तर हा एरर हमखास भेटतो. यातल्या फुटलेल्या भागाच्या फ्रेम पाहा : वर हायबरनेटचं कलेक्शन, त्याखाली जेसन बनवणाऱ्या जॅक्सन लायब्ररीचे सीरियलायझर, त्याखाली स्प्रिंगचा मेसेज कन्व्हर्टर. तुमच्या कोडची एकही ओळ नाही. फक्त आपल्या फ्रेम बघणाऱ्याला इथे काहीच दिसणार नाही. आणि सगळं उत्तर तर त्या परक्या फ्रेममध्येच आहे : यादी मागितली ती जॅक्सननं, जेसन बनवताना, सर्व्हिसचं काम संपून ट्रान्झॅक्शन मिटल्यावर. म्हणजे दुरुस्ती क्वेरीत करायची, किंवा एन्टिटी (डेटाबेसमधून आलेला ऑब्जेक्ट) थेट बाहेर न पाठवता वेगळा डीटीओ (फक्त पाठवायच्या माहितीचा साधा ऑब्जेक्ट) भरून पाठवायचा.

कधी कधी तर नसलेली फ्रेम बोलते. मेथडवर ‘ट्रान्झॅक्शनल’ लावलंय, तरी एक्सेप्शन आल्यावर डेटा रोलबॅक होत नाही, म्हणजे केलेले बदल मागे घेतले जात नाहीत. ट्रेसमध्ये त्या मेथडच्या आणि तिला बोलावणाऱ्या मेथडच्या मध्ये ‘ट्रान्झॅक्शन इंटरसेप्टर’ आहे का बघा. नसेल, तर बहुधा त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडनं थेट हाक मारली आहे, कॉल स्प्रिंगच्या प्रॉक्सीतून (मध्ये बसून ट्रान्झॅक्शन सांभाळणाऱ्या वेष्टनातून) गेलेलाच नाही. ॲनोटेशन कागदावर राहिलं. हे शोधायला डीबगरही लागत नाही, त्या मधल्या ओळी वाचाव्या लागतात.

‘जिथे फुटलं तिथे नल-चेक’ या सल्ल्याची किंमत मी स्वतः पाहिली आहे. एका जुन्या नोकरीत बिल बनवणाऱ्या कोडमध्ये ग्राहकाचं राज्य नल येऊन एक्सेप्शन यायचं. घाईत कुणीतरी चेक टाकला : नल असेल तर रिकामी स्ट्रिंग धरा. एरर थांबला, तिकीट बंद झालं. पण पुढची ओळ राज्य ‘महाराष्ट्र’ आहे का ते बघत होती. रिकामी स्ट्रिंग म्हणजे महाराष्ट्र नाही, म्हणजे परराज्य. पुण्यातल्या ग्राहकांच्या बिलांवर सीजीएसटी आणि एसजीएसटीऐवजी आयजीएसटी लागला. लक्षात आलं ते महिनाअखेरीला, हिशेब बघणाऱ्या ताईंमुळे. तोवर बिलं ग्राहकांच्या हातात गेली होती. ताईंनी एकेक बिल दुरुस्त केलं, आणि ते बघताना मला फार वाईट वाटलं, कारण पहिल्या दिवशीचा ट्रेस आमच्या लॉगमध्ये पडून होता.

त्या ट्रेसच्या तळाशी वेब रिक्वेस्ट घेणारा टॉमकॅट सर्व्हर नव्हताच. ठरल्या वेळी काम सुरू करणारा ‘शेड्यूल्ड थ्रेडपूल एक्झिक्यूटर’ होता. म्हणजे बिल कुणी स्क्रीनवरून बनवलं नव्हतं, रात्रीच्या जॉबनं बनवलं होतं. आपल्या कोडची सगळ्यात खालची फ्रेम त्या जॉबच्या मुख्य मेथडची, ओळीच्या क्रमांकासह. ती ओळ उघडली की तिच्या लगेच वर सीएसव्ही वाचणारा कॉल दिसतो. एका वितरकाच्या फाइलमध्ये राज्याचा कॉलमच नव्हता.

इथे स्टॅकची मर्यादाही सांगायला हवी. सीएसव्ही वाचणारी मेथड ट्रेसमध्ये कुठेच नव्हती, कारण ती आपलं काम उरकून परतली होती. स्टॅकवर फक्त अर्धवट राहिलेले कॉल असतात, आधी काय काय घडून गेलं ते नाही. म्हणून फुटलेल्या ओळीपासून एकेक फ्रेम मागे जायचं, प्रत्येक ठिकाणी विचारायचं की ही किंमत इथे आली कुठून, आणि त्या ओळीच्या वरचा कोड वाचायचा.

लॉगमध्ये नुसतंच ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ असेल आणि खाली एकही फ्रेम नसेल, तर लॉगमध्ये मागे जा. तोच एक्सेप्शन त्याच जागी वारंवार आला की जावा चालवणारा हॉटस्पॉट जेव्हीएम वेगासाठी ट्रेस देणं बंद करतो. सुरुवातीचे पूर्ण ट्रेस आधीच्या लॉगमध्ये सापडतात.

आता मिनिफाय केलेला जावास्क्रिप्ट. ओळ १, कॉलम ४८२१३ असं काहीतरी दिसतं आणि लोक हात टेकतात. पण मिनिफाय केलेली जागा मूळ कोडशी जोडणाऱ्या सोर्स मॅप फाइलला हेच दोन आकडे हवे असतात. मॅप मात्र त्याच बिल्डचा पाहिजे, कालच्या बिल्डचा मॅप लावला तर भलतीच ओळ दाखवेल. तो सगळ्यांसाठी खुला ठेवायची गरज नाही, एरर जमा करणाऱ्या आपल्या सर्व्हरवर ठेवला की झालं. ट्रेस तोकडा वाटत असेल तर क्रोम आणि नोडमधलं जावास्क्रिप्ट इंजिन व्ही८ मुळात दहाच फ्रेम देतं, ती मर्यादा ‘स्टॅक ट्रेस लिमिट’ बदलून वाढवता येते. असिंक कोडमध्ये, म्हणजे उत्तर नंतर येणाऱ्या कामांच्या कोडमध्ये, साखळी तुटते ही तक्रार एकेकाळी खरी होती. २०१९ मध्ये आलेल्या नोड १२ पासून (नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) उत्तराची वाट बघणाऱ्या ‘अवेट’च्या पलीकडचे कॉलही ट्रेसमध्ये दिसतात. ‘सेट टाइमआउट’च्या कॉलबॅकला ते लागू नाही. असिंक फंक्शननं ‘अवेट’ न करता प्रॉमिस तसंच परत केलं तर ते फंक्शनही ट्रेसमधून गळतं. जिथे ट्रेस महत्त्वाचा आहे तिथे ‘रिटर्न अवेट’ लिहा.

राहिला एआय. मदत होते, मीही घेतो. पण पहिली ओळ देऊन त्यालाही तेवढाच अंदाज करता येतो, जेवढा शेजारच्या टीममधल्या माणसाला. द्यायचा तर पूर्ण ट्रेस द्या, शेवटच्या ‘कॉज्ड बाय’सकट, आणि ज्या आपल्या फ्रेम दिसतात त्या मेथडचा कोडही द्या. मात्र देण्यापूर्वी ट्रेस एकदा डोळ्यांखालून घाला. पोस्टग्रेसमध्ये ईमेलवरचा युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दोनदा नको हा नियम) मोडला की एररच्या तपशिलात ग्राहकाचा खरा ईमेल जसाच्या तसा छापलेला असतो. तो आधी खोडा.