सिंधुदुर्गासमोर उभं राहिलेलं चुकीचं जहाज

आमच्या खारेगावच्या सोसायटीत यंदा पोरांनी सिंधुदुर्ग केलाय. पार्किंगच्या कोपऱ्यात माती, पोत्यांवर चिखल, भोवती निळ्या रांगोळीचा समुद्र. तट चांगला वळणावळणाचा जमलाय. आणि त्या समुद्रात, किल्ल्यापेक्षा वीतभर उंच, तीन डोलकाठ्यांचं प्लास्टिकचं जहाज. भाच्याने खेळण्यांच्या दुकानातून आणलं होतं. शिडावर चाच्यांची कवटी होती, ती मार्करने भगवी करून टाकलेली.

"मामा, महाराजांचं आरमार."

भाच्याला काय बोलणार? मोठी माणसंही तेच करतात. वसुबारसेपासून व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरमार दिन'चे मेसेज सुरू होतात. २४ ऑक्टोबर १६५७ ला कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली, तो वसुबारसेचा दिवस, म्हणून. दिवस बरोबर आहे. खालचं चित्र मात्र हटकून एखाद्या युरोपीय जहाजाचं, तीन मजली, दोन्ही बाजूंनी तोफांच्या रांगा, वर जरीपटका. म्हणजे ज्यांच्याशी भांडलो त्यांचंच जहाज, फक्त झेंडा आपला. मला याचा राग येतो, कारण खरी गोष्ट याच्यापेक्षा कितीतरी हुशारीची आहे. आणि ती आपल्या खाडीतली आहे, जिच्यावरून लोकल जाताना आपण नाकाला रुमाल लावतो.

जरा नकाशा डोळ्यांसमोर आणा. कल्याणच्या बंदरात जहाज बांधलं. ते समुद्रात न्यायचं कुठून? उल्हास नदीने खाली यायचं, मुंब्र्याच्या डोंगराखालून ठाण्यापर्यंत. इथे पाण्याला फाटा फुटतो. एक वाट घोडबंदरवरून वसईला, दुसरी आमच्या कळव्याच्या पुलाखालून ऐरोली-वाशीकडे. तेव्हा ठाणे पोर्तुगीजांचं, साष्टी त्यांची, वसई तर त्यांचं उत्तरेतलं मुख्य ठाणंच. म्हणजे बाळ घरात जन्मलं आणि दारावर शेजारी काठी घेऊन बसलाय.

आणि शेजारी खरंच घाबरला होता. ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला पत्र गेलं, की शहाजीच्या मुलाने भिवंडी, कल्याण आणि पनवेलला लढाऊ जहाजं बांधली आहेत, आम्हाला सावध राहावं लागतंय, ती बाहेर पडू देऊ नका असं कप्तानाला सांगितलंय. (पनवेलकरांनो, तुमचंही नाव आहे बरं का. उलव्याकडे जाताना ती खाडी ओलांडता तेव्हा एकदा खिडकीतून बघा.)

यातला माझा आवडता भाग पुढे आहे. जहाजं बांधायला माणसं ठेवली होती तीही पोर्तुगीजच, रुय लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा, बरोबर ३४० माणसं. जहाजं जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध वापरायची असं सांगून काम चाललं होतं. वसईच्या कप्तानाने हळूच कान फुंकले, अरे उद्या हीच जहाजं आपल्यावर येतील. झालं! सगळे काम टाकून वसईला पळाले. आरमाराच्या पहिल्या पानावर मिस्त्री पळून गेल्याची हकिकत आहे. ज्याने घराचं काम काढलंय त्याला हे दुःख वेगळं सांगायला नको.

पण काम थांबलं नाही, हे महत्त्वाचं. इथले सुतार, कोळी, भंडारी यांच्या हातांनी ते पुढे गेलं. मुरबाड-शहापूरकडच्या रानात साग होता, खाडीत वाढलेली माणसं होती. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः समुद्रमार्गे कर्नाटकातल्या बसरूरवर गेले तेव्हा ताफ्यात मोठी जहाजं ३, लहान ८५. हा आकडा पोरांना पाठ करायला लावा. कोण पळून गेलं त्याच्या जोरावर नाही, हातात काय आहे त्याच्या हिशोबाने ८ वर्षांत इथवर मजल.

लहान का? गरिबीने नक्कीच, मोठ्या जहाजाला पैसा आणि तोफा लागतात. पण केवळ तेवढ्याने नाही. आपल्या खाड्या उथळ. ओहोटी लागली की मोठं जहाज चिखलात बसतं, नाहीतर लांब खोल पाण्यात थांबून राहतं. वारा पडला की ते जागचं हलत नाही. उथळ बुडाच्या होडीला वल्ही असतात, तिला वाऱ्याची वाट बघावी लागत नाही. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर महाराजांची तटबंदी सुरू झाली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी यांची माणसं बेटावर, इंग्रजांची जहाजं भोवती, आणि आपल्या होड्या रात्री त्यांच्यामधून सुळकन दाणागोटा पोचवून परत. १८ ऑक्टोबरला समोरासमोर लढाई झाली, तेव्हा इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाज हातीच लागलं. १६८० च्या जानेवारीत इंग्रज निघून गेले. खांदेरी आपल्याकडेच राहिली.

जंजिरा मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही. हेही त्याच पोस्टमध्ये लिहायला हरकत नसावी, पण कुणी लिहीत नाही.

तर हे सगळं मी भाच्याला पायरीवर बसून सांगितलं, अर्धं त्याने ऐकलं. संध्याकाळी खाली गेलो तर प्लास्टिकचं जहाज किल्ल्यापासून लांब, रांगोळीच्या कडेला सरकवलेलं. मार्करचा भगवा खरवडून कवटी पुन्हा बाहेर काढलेली. आणि तटाच्या बाजूला पिस्त्याची टरफलं, ताईने बर्फीसाठी सोललेल्यांची. प्रत्येकात उदबत्तीच्या काडीची डोलकाठी. मोजली, २२ होती.

दुसऱ्या मजल्यावरचे काका वाकून बघत होते. म्हणाले, "अरे, या होड्या नुसत्या उभ्याच? हल्ला कधी करणार?"

"काका, आत्ता नाही. रात्री निघतील."