वैऱ्याचं गाढव आणि अमालेक

"शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, आणि अमालेक या वैरी राष्ट्राचं नाव पृथ्वीवरून पुसून टाक. दोन्ही तोरातच, तुम्हा यहुद्यांच्या धर्मग्रंथात! हे जुळवता कसं तुम्ही?" निखिलनं कट्ट्यावर सॅमला धरलंच. सॅम आमच्यातला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी, मूळचा अलिबागकडचा.

"अमालेकानं काय केलं ते तरी वाच," सॅम म्हणाला. "मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघालेले आमचे लोक थकलेले. जे दुबळे मागे रेंगाळत होते, त्यांनाच अमालेकांनी गाठून कापलं."

"म्हणून तान्ही पोरंही मारायची?" वैशाली उसळली. "बायबलातल्या शमुवेलाच्या पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंय."

"तल्मूदात, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात, ती आज्ञा मिळालेला शौल राजाही हेच विचारतो. मोठ्यांनी पाप केलं, लहानांनी काय केलं? त्यावर आकाशवाणी होते : फार धार्मिक होऊ नकोस."

"बघ!" निखिल.

सॅमनं ही अडचणीची बाजू स्वतःहून सांगितली, हे मला फार आवडलं.

मग तो तोरातल्या निर्गम या पुस्तकातल्या आज्ञेवर आला. वैऱ्याचं गाढव ओझ्याखाली बसलेलं दिसलं तर त्याला सोडून जाऊ नकोस, हात लाव. रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, त्याहून पुढे गेले. मित्राच्या जनावरावरचं ओझं उतरवायचंय आणि वैऱ्याच्या जनावरावर चढवायचंय, तर आधी कुणाकडे जायचं? एरवी उतरवणं पहिलं, कारण मुकं जनावर त्रासात असतं. पण इथे आधी वैऱ्याकडे. का, तर आपल्या मनातला द्वेष वठणीवर यावा म्हणून. मला यापेक्षा अवघड आज्ञा माहीत नाही.

"ते गल्लीतलं भांडण झालं रे," निखिल म्हणाला. "अमालेक म्हणजे अख्खं राष्ट्र."

"राष्ट्रांचंही ऐक. अम्मोन या शेजारच्या राष्ट्रातल्या माणसाला आमच्या मंडळीत घेऊ नये अशी आज्ञा आहे. यहूदा नावाचा एक अम्मोनी आला, तेव्हा रब्बी यहोशुआ म्हणाले, अश्शूरच्या सन्हेरीब राजानं सगळी राष्ट्रं कधीच कालवून टाकलीत, कोण कुठला ते आता कळत नाही, याला घ्या. आणि घेतलं! पुढे बाराव्या शतकात मैमोनिडीस या यहुदी धर्मपंडितानं लिहिलं, अमालेकाशीसुद्धा आधी तहाचं बोलल्याशिवाय लढायचं नाही. आणि इराणात यहुद्यांचा नायनाट करू पाहणारा हामान अमालेकाच्या वंशातला ना? तल्मूद म्हणतो, त्याचे वंशज इस्राएलातल्या बने ब्राक गावात तोरा शिकले."

माझं मत इथे पक्कं झालं. रब्बींनी आज्ञा खोडली नाही, पण 'हा बघा अमालेक' म्हणून बोट दाखवायची सोय काढून घेतली. उलट गाढवाची आज्ञा रोजच्या रस्त्यावर आणून ठेवली. दया टिकली ती यामुळे.

"सोय काढून घेतली?" वैशालीनं मला अडवलं. "२५ फेब्रुवारी १९९४, हेब्रोन. हामानापासून सुटका झाल्याच्या पुरीम सणाचा दिवस. गोल्डस्टाइन नावाच्या यहुद्यानं नमाज पढणारी २९ माणसं मारली. अमालेकाचा उतारा पुरीमआधीच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेत, वाचून आठवडाही झाला नव्हता."

सॅम गप्प बसला नाही. "तो खून होता. त्याला धर्माचं नाव देणाऱ्याशी मी भांडेन, आमच्यातला असला तरी."

"मग तो उतारा वाचणं बंद का करत नाही?" निखिल.

"कारण 'विसरू नकोस' हीसुद्धा आज्ञाच आहे."

"आठवण ठेवायची आणि बोट दाखवायचं नाही, हे जमतं माणसाला?"

"सगळ्यांना नाही जमत," सॅम म्हणाला.