कॉइल निवडताना इनपुटचा करंट बघा
बूस्ट कन्व्हर्टरवरचा (कमी व्होल्टेज वाढवून देणाऱ्या सर्किटवरचा) लेख छान, पण ५ व्होल्टवरून १२ व्होल्ट, १ अँपियर काढायला ‘२ अँपियरची कॉइल पुरेल’ हे त्यातलं विधान पटलं नाही. आउटपुट १२ वॅट. कार्यक्षमता ९० टक्के धरली तरी इनपुटला सरासरी २.७ अँपियर लागतात, रिपल (करंटचा चढउतार) धरून ३ च्या वर, आणि हाच करंट कॉइलमधून जातो. कॉइलचा सॅच्युरेशन करंट (ज्याच्यापुढे तिचा कोअर आणखी चुंबकित होत नाही) निदान ४ अँपियर हवा, नाहीतर कोअर सॅच्युरेट झाली की करंट एकदम उसळतो आणि मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) जळतो. डायोड शॉट्कीच (वेगाने बंद होणारा) घ्या, नेहमीचा १एन४००७ डायोड एवढ्या वेगाने बंदच होत नाही. आणि कृपया सिरॅमिक कपॅसिटरबद्दल भर घाला: १६ व्होल्टचा, छोट्या आकाराचा १० मायक्रोफॅरड १२ व्होल्टवर प्रत्यक्षात निम्म्याहून कमी मायक्रोफॅरडचा उरू शकतो. डेटाशीटमधला डीसी बायसचा (व्होल्टेज वाढेल तशी क्षमता किती घटते याचा) आलेख बघूनच घ्यावा. मुलं असे लेख वाचून सुटे भाग घ्यायला थेट मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठतात, म्हणून एवढं लिहिलं.